एकतिसाव्या किलोमीटरला मन मागे का फिरते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही तीन वर्षे नियमित धावता आणि हाफ मॅरेथॉनची तुमची सर्वोत्तम वेळ १ तास ५८ मिनिटे आहे. पहिल्या फुल मॅरेथॉनला, म्हणजे ४२.२ किलोमीटरला, चार तासांचे लक्ष्य ठेवून उतरलात, पहिले २१ किलोमीटर १ तास ५९ मिनिटांत पार केलेत आणि ३१व्या किलोमीटरला थांबलात. पायांत गोळे आले नव्हते, धाप लागली नव्हती, दुखापत नव्हती. तुमच्याच शब्दांत सांगायचे तर ‘मनच म्हणाले, आता पुरे’. उरलेले अंतर चालत आणि अधूनमधून धावत तुम्ही ४ तास ४७ मिनिटांत शर्यत संपवलीत. सरावातही २५ किलोमीटरच्या आसपास असेच होते. म्हणून मानसिक सहनशक्ती कशी वाढवावी, ध्यानाचा उपयोग होईल का, आणि पाच महिन्यांनी असलेल्या पुढच्या मॅरेथॉनमध्ये उतरावे का, असे तुम्ही विचारले आहे.

मी स्वतः बावीस वर्षे लांब पल्ल्याचे धावतो आहे आणि त्यांपैकी चौदा वर्षे इतरांना शिकवतो आहे. ही तक्रार घेऊन येणाऱ्यांची संख्या गुडघेदुखीवाल्यांच्या खालोखाल असते, आणि पहिल्या दोन मॅरेथॉनमध्ये मीही त्याच रांगेत होतो. उत्तर देण्याआधी प्रश्नाची मांडणी थोडी बदलून घेतो. ‘माझे मन कमकुवत आहे, ते मजबूत कसे करू’ असे विचारले की उत्तरे प्रेरणेची मिळतात, आणि प्रेरणा पहाटे अंथरुणातून उठवण्यापुरती कामाची असते. मी असे विचारेन: त्या क्षणी मनाने कोणत्या माहितीवर निर्णय घेतला, आणि ती माहिती खरी होती का?

तुमच्या बाबतीत ती बरीचशी खरी होती. हाफची तुमची सर्वोत्तम वेळ १:५८, आणि मॅरेथॉनचा पहिला अर्धा भाग तुम्ही १:५९ मध्ये धावलात. म्हणजे आयुष्यातल्या सर्वोत्तम हाफपेक्षा फक्त एक मिनिट हळू धावून झाल्यावर तुमच्यापुढे तेवढेच अंतर पुन्हा उभे होते. पीटर रीगल यांचे एक जुने सूत्र धावणारे लोक आजही वापरतात. त्याप्रमाणे अंतर दुप्पट झाले की लागणारा वेळ साधारण २.०८५ पट होतो. तुमचे १:५८ त्यात घातले तर ४ तास ६ मिनिटे येतात, आणि तीही लांब पल्ल्याचा भरपूर सराव झालेल्या माणसासाठी. लाँग रन, म्हणजे सरावातली सर्वांत लांब धाव, २५ किलोमीटरवर अडकणाऱ्यासाठी ४:१५ ते ४:२० हा प्रामाणिक अंदाज झाला असता. तेव्हा ३१व्या किलोमीटरला तुमचे मन जे म्हणाले, ते भित्रेपणाने म्हणाले असे मी मानत नाही. त्याने हिशेब मांडला आणि तो जुळत नव्हता.

दुसरी गोष्ट इंधनाची. तुम्ही लिहिले आहे की सगळ्या शर्यतीत मिळून एकच जेल (धावताना घ्यायची गोड, घट्ट कर्बोदकांची पुडी) घेतले, तेही २५व्या किलोमीटरला, कारण त्याआधी भूक लागली नव्हती. धावताना दर किलोमीटरला, शरीराच्या दर किलो वजनामागे, ढोबळमानाने एक किलोकॅलरी खर्च होते. तुमचे वजन ७० किलो आहे, म्हणजे पूर्ण मॅरेथॉनला सुमारे २,९५० किलोकॅलरी लागतात. स्नायू आणि यकृत मिळून साठलेले ग्लायकोजेन, म्हणजे शरीराने साठवलेली कर्बोदके, साधारण दोन हजार किलोकॅलरींच्या आसपास असते. बाकीचा भार चरबी उचलते, पण वेग जितका वाढवाल तितका चरबीचा वाटा घटतो आणि ग्लायकोजेन लवकर संपते. ते तळाला जाऊ लागल्याचे नेहमी पायांनाच कळते असे नाही. मेंदूचे मुख्य इंधन ग्लुकोज आहे, आणि पुष्कळांच्या बाबतीत साखर उतरल्याची पहिली खूण म्हणजे चिडचिड, रडू येणे आणि ‘हे सगळे मी कशासाठी करतो आहे’ असा प्रश्न पडणे. हा गहन प्रश्न मला आजवर दहाव्या किलोमीटरला एकदाही पडलेला नाही.

मन आणि इंधन ही दोन वेगळी खाती नाहीत, हे दाखवणारा २००४ सालचा एक प्रयोग मी नव्या लोकांना नेहमी सांगतो. कार्टर, ज्यूकेनड्रप आणि जोन्स या संशोधकांनी सायकलपटूंना सुमारे तासाभराच्या चाचणीत कर्बोदकाच्या द्रावणाने फक्त चूळ भरायला लावली. ते गिळायचे नाही, थुंकून टाकायचे. पोटात काहीच गेले नाही, तरी साध्या पाण्याने चूळ भरण्याच्या तुलनेत त्यांची कामगिरी सुमारे तीन टक्क्यांनी सुधारली. तोंडात गोड आल्याची वार्ता मेंदूला पोहोचली आणि तेवढ्यावर त्याने हात थोडा सैल सोडला. म्हणून माझ्याकडे मनाची तक्रार घेऊन कोणी आले की मी आधी जेलचा हिशेब विचारतो. पहिल्या ३५-४० मिनिटांपासून सुरुवात करून तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके, भूक लागो वा न लागो, आणि सरावात पोटाला तशी सवय लावून. एवढे केल्याने जवळपास निम्म्या लोकांची ‘मानसिक’ अडचण आकाराने लहान होते.

उरलेली निम्मी अडचण मात्र खरोखर मनाची आहे.

थकवा कुठे निर्माण होतो यावर अभ्यासकांचे एकमत नाही. दक्षिण आफ्रिकेचे टिम नोक्स यांचे म्हणणे असे की शरीराला धोका पोहोचण्याआधीच मेंदू स्नायूंना लगाम घालतो. सॅम्युएल मार्कोरा यांना असा वेगळा नियंत्रक मान्य नाही. त्यांच्या मते जाणवणारे कष्ट आणि ते सोसण्याची आपली तयारी यांची तुलना करून माणूस थांबतो. आपल्यासारख्या धावणाऱ्यांना या वादाचा निकाल लागेपर्यंत थांबण्याची गरज नाही, कारण दोघांच्याही म्हणण्यात कळीची गोष्ट एकच आहे, ती म्हणजे जाणवणारे कष्ट. मी ती माझ्या भाषेत अशी सांगतो: मन सतत दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहते. आता किती कठीण वाटते आहे, आणि अजून किती उरले आहे. ३८व्या किलोमीटरला जितके कठीण वाटायला हवे, तितके तुम्हाला ३१व्यालाच वाटू लागले, आणि उरले होते अकरा. तेच कष्ट ४०व्या किलोमीटरला जाणवले असते तर तुम्ही थांबला नसता, याबद्दल मला शंका नाही.

याचा पुरावा कोणत्याही मोठ्या शर्यतीच्या निकालपत्रात सापडतो. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मॅरेथॉन पूर्ण केल्याच्या जवळपास एक कोटी नोंदी तपासल्या गेल्या. त्यात तीन, साडेतीन, चार तास अशा गोल आकड्यांच्या अगदी अलीकडे लोकांची गर्दी दिसते आणि तो आकडा ओलांडला की संख्या एकदम रोडावते. चार तासांच्या आत येण्याची आशा शिल्लक असलेली माणसे शेवटच्या दोन किलोमीटरांत वेग वाढवतात. पाय पूर्ण रिकामे झाले असते तर त्यांना हे जमले नसते. शिल्लक होती, पण जवळचा आणि स्पष्ट आकडा समोर येईपर्यंत मनाने ती बाहेर काढली नाही.

इथपर्यंतचे तात्पर्य इतकेच की कष्ट कमी जाणवतील अशी सोय करणे, उरलेले अंतर मनाला लहान दिसेल असे करणे, आणि त्या अवस्थेची आधीच ओळख करून ठेवणे, या तीन गोष्टी आपल्या हातात आहेत. पुढचे सगळे यांपैकी कशाच्या ना कशाच्या सोयीसाठी आहे. त्याआधी परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी सांगून टाकतो, कारण त्या वगळून दिलेला सल्ला फसवा ठरेल.

डोक्याने दमलेला माणूस धावण्यातही लवकर हरतो. मार्कोरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली १६ जणांना दीड तास लक्ष खिळवून ठेवणारे कंटाळवाणे काम दिले आणि मग दम तुटेपर्यंत सायकल चालवायला लावली. एरवीच्या तुलनेत ते सुमारे १५ टक्के लवकर थांबले. हृदयाच्या ठोक्यांवरून किंवा रक्तातील लॅक्टेटवरून (श्रमांबरोबर वाढणारा पदार्थ) त्याचा उलगडा होत नव्हता. फक्त सुरुवातीपासूनच त्यांना कष्ट जास्त जाणवत होते. तेव्हा शर्यतीच्या आधीचा आठवडा तुम्ही रात्री उशिरापर्यंत काम करण्यात घालवला असेल, तर ३१व्या किलोमीटरच्या प्रसंगाची सुरुवात तिथेच झाली होती. झोपेचेही तसेच आहे. उष्मा आणि दमट हवा तर तोच वेग अधिक कठीण करून ठेवतात. आणखी एक शक्यता तपासा: रोजच्या सात-आठ किलोमीटरलाही महिनोन्महिने जड वाटत असेल, तर हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातील लोहाच्या साठ्याची खूण) आणि थायरॉइड यांच्या तपासणीसाठी डॉक्टरांकडे जा. लोहाची कमतरता असलेल्या एका मुलीला मी तीन महिने ‘मनाचा निर्धार’ शिकवत बसलो होतो. ती चूक मी पुन्हा केली नाही. आणि धावण्यापलीकडेही कशातच मन लागत नसेल, तर तो विषय धावण्याच्या प्रशिक्षकाचा नाही. त्यासाठी योग्य माणसाकडे जायला हवे.

आता सराव. तुमच्या लाँग रनविषयी तुम्ही जे लिहिले आहे त्यावरून दिसते की तुम्ही एका दिशेने साडेबारा किलोमीटर जाता आणि परत येता. परतीच्या रस्त्यावर थांबण्याची सोयच नसते, कारण घरी तर यायचेच असते. म्हणजे सरावात निर्णयाची वेळ कधी येतच नाही. ती येते थेट शर्यतीत, जिथे दर दोन-तीन किलोमीटरला थांबण्याची उत्तम व्यवस्था केलेली असते. यावर माझा उपाय अनेकांना क्रूर वाटतो. स्वतःच्या दारावरून जाणारा अडीच किलोमीटरचा फेरा निवडा आणि लाँग रन त्याच फेऱ्यावर करा. पहिले चार फेरे काहीच वाटत नाही. आठव्या फेऱ्याला दाराबाहेर काढून ठेवलेल्या चपला दिसतात, त्या नीट जोडीने ठेवलेल्या नाहीत हेही दिसते, आतून कपबशीचा आवाज येतो, आणि कोपऱ्यावर उजवीकडे वळले की घर, सरळ गेले की नववा फेरा, एवढाच प्रश्न उरतो. त्या कोपऱ्यावर सरळ जाण्याचा सराव म्हणजे मानसिक सहनशक्तीचा सराव. एका सकाळी तो प्रश्न दहा वेळा पडतो आणि दहा वेळा त्याचे उत्तर द्यावे लागते. एखाद्या फेऱ्याला तुम्ही हराल. हरलात तर कितव्या फेऱ्याला आणि त्याआधी काय खाल्ले होते, ते लिहून ठेवा, बाकी मनाला लावून घेऊ नका.

हा प्रयोग दर आठवड्याला करू नये. तीन लाँग रनपैकी एक असा पुरे, कारण सहनशक्तीप्रमाणेच वैतागही साठत जातो. दुसरा लाँग रन मोकळ्या रस्त्यावर, गप्पा मारत, निवांत करा. तिसऱ्यात शेवटचा तिसरा भाग शर्यतीच्या पेसने धावा: समजा २७ किलोमीटर ठरवले, तर पहिले १८ सावकाश आणि शेवटचे ९ लक्ष्याच्या वेगाने. थकलेल्या पायांवर लय धरणे काय असते, हे शरीराला एकदा कळले की शर्यतीत तीच अवस्था आल्यावर मन दचकत नाही. माझ्या अनुभवात अनोळखी त्रासाला माणूस जितका घाबरतो, तितका ओळखीच्या त्रासाला घाबरत नाही, मग तो त्रास तेवढाच असला तरीही.

घड्याळाबद्दल एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक शिक्षिका येत असत. त्यांचा लाँग रन दर वेळी २६व्या किलोमीटरला मोडायचा, अगदी तुमच्यासारखा. एका रविवारी मी सायकलवरून त्यांच्या मागे राहिलो आणि त्या मनगटाकडे कितीदा पाहतात ते मोजू लागलो. विसाव्या किलोमीटरनंतर एका किलोमीटरात त्यांनी अकरा वेळा घड्याळ पाहिले. म्हणजे साधारण दर नव्वद मीटरला त्या मनाला विचारत होत्या, ‘अजून किती उरले?’, आणि दर वेळी उत्तर जवळपास तेच येत होते. पुढच्या रविवारी घड्याळावर चिकटपट्टी लावली. फक्त किलोमीटर पूर्ण झाल्याची थरथर जाणवेल एवढीच सोय ठेवली. त्या दिवशी त्या २९ किलोमीटर धावल्या, आणि थांबल्या त्या शौचालयाची गरज पडली म्हणून. त्यांचा दम किंवा निर्धार एका आठवड्यात वाढला नव्हता. उरलेल्या अंतराचा आकडा दर नव्वद मीटरला तपासण्याचे ओझे तेवढे कमी झाले होते. तुम्हीही एकदा हा प्रयोग करून पाहा. आठवड्यातला एक रन गाण्यांशिवायही करा, कारण कंटाळा सोसणे हे वेदना सोसण्याहून निराळे कौशल्य आहे आणि कानात गाणी असताना ते येत नाही.

उरलेले अंतर तोडून लहान करण्याचे तंत्र तुम्हाला ठाऊक असेलच: पुढच्या पाटीपर्यंत, पुढच्या पाण्याच्या टेबलापर्यंत. ते चालते, पण एका अटीवर. तिथे पोहोचल्यावर पुढे काय, हे आधीच ठरलेले असले पाहिजे. नाहीतर प्रत्येक पाटी म्हणजे नवी वाटाघाट होते आणि थकलेला माणूस वाटाघाटीत कधीच जिंकत नाही. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांनी ‘जर अमुक झाले, तर मी तमुक करीन’ अशा आगाऊ ठरावांचा बराच अभ्यास केला आहे. नुसत्या इराद्यापेक्षा असे ठराव जास्त पाळले जातात. मी शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी असे चार-पाच ठराव हाताने कागदावर लिहायला लावतो. माझ्या स्वतःच्या कागदावर वर्षानुवर्षे हेच आहे: थांबावेसे वाटले तर आधी जेल आणि दोन घोट पाणी घ्यायचे, वेग किलोमीटरमागे वीस सेकंदांनी कमी करायचा, आणि दहा मिनिटे मनाचे कोणतेही म्हणणे ऐकून घ्यायचे पण मान्य करायचे नाही. दहा मिनिटांनीही तेच वाटत असेल तर एक मिनिट चालायचे, आणि ते मिनिट घड्याळावर मोजायचे. आजवर दहाव्या मिनिटापर्यंत तीच मनःस्थिती टिकल्याचे प्रसंग एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत.

चालण्याबद्दल थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण तुमच्या पत्रात त्याची लाज दिसते. ठरवून चालणे आणि हरून चालणे यांत पायांच्या दृष्टीने काहीच फरक नाही. मनाच्या दृष्टीने मात्र जमीन-अस्मानाचा आहे. पहिल्या पाण्याच्या टेबलापासून प्रत्येक ठिकाणी ३० ते ४० सेकंद चालायचे असे ठरवले असेल, तर ३२व्या किलोमीटरला चालताना माणूस आपल्या योजनेप्रमाणेच वागत असतो. तेच चालणे योजनेत नसेल तर पहिल्याच पावलाला ‘गेली शर्यत’ असा निकाल लागतो, आणि मग धावायला पुन्हा सुरुवात करणे हे मुळात धावत राहण्यापेक्षा कितीतरी अवघड होऊन बसते. तुमचे अकरा किलोमीटर तिथेच गेले असे मला वाटते. थांबल्याने दोन मिनिटे गेली असतील. थांबण्याचा जो अर्थ तुम्ही लावलात, त्याने पाऊण तास गेला. पुढच्या वेळी पाण्याच्या टेबलांवरचे चालणे योजनेतच घाला. चार तासांच्या पुढे वेळ असणाऱ्या धावपटूचे त्याने फारसे नुकसान होत नाही, आणि पाणी व जेल नीट पोटात जाते हा फायदा वेगळाच.

स्वतःशी बोलण्याचा उपयोग होतो, हे आता प्रयोगांतही दिसले आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात २४ जणांपैकी निम्म्यांना दोन आठवडे स्वतःला द्यायच्या सूचना निवडायला आणि त्यांचा सराव करायला शिकवले. दम तुटेपर्यंत सायकल चालवण्याचा त्यांचा वेळ सुमारे १८ टक्क्यांनी वाढला आणि तेवढ्याच श्रमांचे कष्ट त्यांना कमी जाणवले. इथे ‘सराव’ या शब्दाकडे लक्ष द्या. शर्यतीच्या दिवशी कुठूनतरी उचललेले भव्य वाक्य ३५व्या किलोमीटरला पोकळ वाटते. माझे वाक्य अगदी रुक्ष आहे: ‘खांदे खाली, पावले लहान.’ त्यात प्रेरणा काही नाही, काम आहे, आणि मनाला काम दिले की त्याची कुरकुर काही मिनिटे तरी थांबते. तुमचे वाक्य तुम्ही लाँग रनमध्ये शोधा. दोन-चार वाक्ये टाकाऊ निघतील, मग एक सापडेल.

लक्ष कुठे ठेवावे, हा प्रश्न याला लागूनच येतो. मॉर्गन आणि पोलॉक या संशोधकांनी १९७७ साली अव्वल मॅरेथॉनपटूंच्या मुलाखतींवरून दाखवले की ते धावताना बहुतेक वेळ शरीराकडे लक्ष देतात, तर सामान्य धावपटू लक्ष दुसरीकडे वळवतात. त्यावरून नवशिक्यांनीही पहिल्यापासून शरीराकडेच पाहावे असा अर्थ काढणे मला पटत नाही. मी पहिले २५ किलोमीटर बाहेर पाहायला सांगतो: रस्ता, माणसे, पुढच्या धावपटूच्या बुटाची झिजलेली टाच, काहीही. त्यानंतर आत पाहावे, पण ‘मला कसे वाटते आहे’ असे विचारत पाहू नये, कारण त्याचे उत्तर आपल्याला माहीत असते. श्वास कितव्या पावलाला सुटतो, मुठी आवळल्या आहेत का, जबडा घट्ट आहे का, असे पाहावे. केनियाचे मॅरेथॉनपटू एलिउड किपचोगे मुद्दाम हसतात हे तुम्ही पाहिले असेल. २०१९ साली व्हिएन्नामध्ये मॅरेथॉनच्या अंतराची १ तास ५९ मिनिटे ४० सेकंदांची ती धाव धावतानाही ते हसत होते. अधिकृत विक्रमात ती धाव धरली गेली नाही, पण चेहरा सैल ठेवण्याची युक्ती खरी आहे. मी करून पाहिली आहे. दोनशे मीटर चालते, मग पुन्हा आठवण करावी लागते. फोटोग्राफर दिसला की सगळ्यांनाच जमते, हा भाग निराळा.

ध्यानाबद्दल विचारलेत म्हणून लिहितो. रोज दहा मिनिटे श्वासाकडे लक्ष देऊन बसलात तर ‘आता थांबावे’ हा विचार आला आहे हे लवकर ओळखता येते, आणि आलेला विचार म्हणजे दिलेला हुकूम नव्हे हे कळू लागते. एवढा फायदा खरा आहे. पण रात्री सहा तासही न झोपणाऱ्याने पहाटे ध्यानासाठी आणखी लवकर उठावे, हे मी कधीच सुचवणार नाही.

सहन करण्याच्या या सगळ्या शिकवणीला एक कुंपण आहे. १९५४ साली व्हँकुव्हरच्या एम्पायर गेम्समध्ये (आताच्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांमध्ये) इंग्लंडचे जिम पीटर्स तब्बल १७ मिनिटांच्या आघाडीने स्टेडियममध्ये शिरले. मॅरेथॉनमधील त्या काळची जगातली सर्वोत्तम वेळ त्यांच्याच नावावर होती. उन्हाने ते इतके खलास झाले होते की पडत, उठत सुमारे दोनशे मीटर जायला त्यांना अकरा मिनिटे लागली. अखेर शर्यत पूर्ण होण्याआधीच त्यांना उचलून न्यावे लागले. त्यानंतर ते पुन्हा कधी शर्यतीत धावले नाहीत. त्यांच्या मनात बळ कमी होते असे कोण म्हणेल? म्हणून कुठे ऐकायचे हेही ठरवून ठेवा. दोन्ही पायांत सारखे, पसरलेले दुखणे बहुधा सोसण्यासारखे असते. एकाच बाजूला, बोट ठेवून दाखवता येईल असे आणि पाऊल टाकण्याची ढब बदलायला लावणारे दुखणे सोसू नये. छातीत दुखणे, उन्हात थंडी वाजणे, गोंधळल्यासारखे होणे, नीट बोलता न येणे, यांपैकी काहीही झाले तर दहा मिनिटांचा नियम लागू नाही. तिथेच थांबून वैद्यकीय मदत घ्यायची. आणि भीतीपोटी प्रत्येक टेबलावर ढसाढसा पाणीही पिऊ नका. अति पाण्याने रक्तातील सोडियम उतरणे हाही जिवावर बेतणारा प्रकार आहे. तहानेप्रमाणे प्या.

राहिला पाच महिन्यांनंतरच्या शर्यतीचा प्रश्न. उतरा, पण चार तासांचे लक्ष्य सोडून उतरा. पहिले सहा आठवडे लाँग रन २२ किलोमीटरच्या पुढे नेऊ नका. त्या काळात पोटाला जेलची आणि मनाला फेऱ्यांची सवय लावा. पुढच्या दहा आठवड्यांत २४ ते ३२ किलोमीटरचे सहा-सात लाँग रन करा, त्यांत मधूनमधून हलका आठवडा ठेवा. शेवटचे तीन आठवडे अंतर उतरवत आणा आणि त्या काळात झोपेत कसर करू नका. लक्ष्य ४:१७च्या आसपास ठेवा, म्हणजे सरासरी किलोमीटरला ६ मिनिटे ५ सेकंद. पहिले दहा किलोमीटर ६:१५ने धावा, शेकडो लोक तुम्हाला मागे टाकून पुढे जातील तेव्हाही. ती वेळ तुम्हाला सर्वांत जास्त खुपेल, आणि माझ्या मते मानसिक सहनशक्तीची पहिली परीक्षा तीच आहे. ३१व्या किलोमीटरची परीक्षा त्यानंतरची.

दरम्यान प्रत्येक लाँग रननंतर, आंघोळीला जाण्याआधी, चार गोष्टी वहीत लिहा: थांबावेसे पहिल्यांदा कितव्या किलोमीटरला वाटले, त्या वेळी पेस काय होता, तोपर्यंत किती जेल घेतले होते, आणि आदल्या रात्री किती तास झोप झाली होती. पाच-सहा नोंदी जमल्या की त्या मला कळवा. पहिला आकडा पुढे सरकत असेल तर काहीही बदलू नका. तो २५वरच अडून राहिला, तर बाकीच्या तीन आकड्यांत काय सारखे येते ते आपण पाहू.